इज्जतीचा कडता

हिंगोलीत देवळामागच्या गल्लीत नव्वदच्या सुमाराला कुणाच्याही घरी कुळधर्म निघाला, की घरची बाई आधी गंगूताईला विचारून यायची आणि मग पंचांग बघायची. तिथी पुढेमागे करता येते, गंगूताई मिळाली पाहिजे. सवाष्णी गल्लीत पुष्कळ होत्या. पण बाकीच्या म्हणजे पानावर हात आडवा धरून "पुरे हो, पुरे" म्हणणाऱ्या, अर्धी पोळी बोटांनी कुस्करून उठणाऱ्या. गंगूताईनं पानावर हात आडवा धरलेला कुणी पाहिला नव्हता. वाढणारी वाकली की ती पान जरासं पुढं सरकवायची. पोळीवर तूप घ्यायची, उरलेल्या तुपासाठी आणखी पोळी घ्यायची, कढी भुरकायची, भजी मागून घ्यायची, आणि शेवटी "बाई, हात आहे का काय तुझा!" असं स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणायची. पहाटेपासून चुलीपुढं उभ्या असलेल्या बाईचे पाय तिथल्या तिथं दुखायचे थांबायचे. "गंगूताई जेवली म्हणजे देवीच जेवली," असं समोरच्या यशोदाबाई म्हणायच्या, आणि यशोदाबाई म्हणायच्या तेच गल्लीत चालायचं.

असं जेवल्यावर ते अंगाला लागणारच. गंगूताईच्या अंगाला ते लागलं आणि तिथंच राहायला आलं. तिला रिक्षात बसवलं की रिक्षावाला दुसरं भाडं घ्यायचा नाही. त्याचं तिला वाईट वाटायचं नाही. "एकटीच बसते, राणीसारखी," म्हणायची. हसली की सगळी हलायची, आणि ती हलायला लागली की समोरच्याला हसू आवरायचं नाही.

नवरा मात्र काडीपैलवान. व्यंकटराव वजनमापाच्या कचेरीत कारकून होते. साहेबाबरोबर गावोगाव फिरायचं, दुकानातली वजनं तपासायची, शिक्का मारायचा. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही, एवढंच तत्त्वज्ञान त्यांनी नोकरीतून घरी आणलं, आणि ते घरच्या माणसांनाही लावलं. दूधवाला माप हलवून दूध घाली म्हणून त्यांनी तीन दूधवाले बदलले. मोंढ्यातले, म्हणजे घाऊक बाजारातले, आडतदार शेतकऱ्याच्या हळदीतून धूळमातीच्या नावाखाली पोत्यामागं किलो-दीड किलो कापून घेत. त्या कापण्याला कडता म्हणतात. कडता हा शब्द नुसता कानावर पडला तरी व्यंकटरावांच्या कानशिलावरची शीर उडायची. निवृत्त झाल्यावरही उडायची.

दोन हजार साल उलटलं आणि गंगूताईच्या गुडघ्यांनी तोंड उघडलं. आधी जिना सुटला, मग देवळाच्या पायऱ्या, मग खाली बसणं. पंगतीत बाकीच्या पाटावर आणि ही एकटी लोखंडी खुर्चीवर, असं व्हायला लागलं. नातवाच्या बारशाला सगळ्या बायका पाळण्याभोवती बसल्या, आणि सख्खी आजी भिंतीला टेकून उभी. बसली असती, पण उठवायला चार माणसं लागली असती, आणि त्यातले दोघे तरी हसले असते. त्या दिवशी तिनं जेवणात दुसरी पोळी घेतली नाही. ती बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली.

मुलगा अपूर्व हैदराबादला कंपनीत होता. त्यानं नि सून अनुश्रीनं एका मोठ्या दवाखान्यात चौकशी केली. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्या वजनावर गुडघे बदलून उपयोग नाही, आधी वजन उतरवा. वजन उतरवायचं ऑपरेशन असतं. पोटाची पिशवी लहान करतात, मग मूठभर खाल्लं की पोट भरतं.

"चांगलं चालू असलेलं पोट काहून कापायचं?" व्यंकटराव म्हणाले. "कमी खा म्हणजे झालं."

"तीस वर्षं म्हणून राहिले तुमी कमी खा," गंगूताई म्हणाली. "झालं का काही? मला पाळण्याजवळ बसायचंय. कापू द्या."

दोन हजार आठच्या चैत्रात ऑपरेशन झालं. दवाखान्यात भरलेलं वजन होतं एकशे बत्तीस किलो. दीड महिना मुलाकडं पातळ पेज नि डाळीचं पाणी पिऊन गंगूताई वैशाखात हिंगोलीला उतरली, तेव्हा अख्खी गल्ली ओट्यावर आली होती. ऑपरेशन म्हणजे आत निघाली जाडी आणि बाहेर आली बारीक, अशी सगळ्यांची समजूत. यशोदाबाईंची मुलगी मोहिनी तर कुजबुजत होती की काढलेली चरबी बरणीत घालून घरी देतात. रिक्षातून आधी एक पाय आला, मग दुसरा, मग पूर्वीचीच गंगूताई आली.

"हीच का ती?" यशोदाबाई म्हणाल्या. "मला वाटलं ऑपरेशन रद्द झालं."

"हळूहळू उतरतं हो," गंगूताई म्हणाली. "वर्ष-दीड वर्ष लागतं."

"हळूहळू तर बिनकापताही उतरतं," यशोदाबाई म्हणाल्या, आणि बायका आपापल्या कामाला गेल्या. कार्यक्रमाचा विरस झाला होता.

आता वजन करायचं कुठं, हा प्रश्न होता. घरात स्प्रिंगचा काटा होता. त्यावर गंगूताई उभी राहिली की काटा टोकाला जाऊन थरथरत थांबायचा. गल्लीतल्या डॉक्टरांचाही तसलाच. व्यंकटरावांनी ठरवलं, मोंढ्यात जायचं. माणिकराव आडत्यांच्या दुकानातला मोठा लोखंडी काटा त्यांच्याच काळात शिक्का मारलेला होता. जगात कुठल्या काट्यावर त्यांचा विश्वास असेल तर त्याच्यावर. आणि त्या काट्यावर उभा असायचा मोहनसिंग मापाडी, पिळदार मिशांचा, खड्या आवाजाचा. त्यानं पुकारलेलं वजन मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं.

शनिवारी सकाळी दोघं गेली. दुकानापुढं हळदीच्या पोत्यांची थप्पी, हमाल, गाडीवाले, नरसीकडचे शेतकरी, चहावाला. सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले. गंगूताईनं आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. व्यंकटराव तिची चप्पल आणि पिशवी धरून मागं उभे होते. ती काट्याच्या फळीवर चढली. मोहनसिंगनं दांडीवरचं वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं, दांडी समेला आणली, तिच्याकडं एकदा पाहिलं, गर्दीकडं एकदा पाहिलं, आणि छाती भरून पुकारलं, "एकशे चौदाऽऽ!"

व्यंकटरावांनी चप्पल खाली ठेवली. एकशे बत्तीसातून एकशे चौदा गेले की अठरा. दीड महिन्यात अठरा किलो! त्यांनी तिथंच चहावाल्याला सगळ्या हमालांना चहा द्यायला सांगितलं. संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. यशोदाबाईंनी पेढा खाता खाता गंगूताईला आपादमस्तक न्याहाळलं. "कुठून गेले ते दिसत न्हाई," म्हणाल्या, "पण काट्यावर उतरले म्हणजे उतरले असतील."

महिन्यानं दोघं पुन्हा मोंढ्यात गेली. मधल्या काळात माणिकरावांनी इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता, लाल आकडे दाखवणारा, आणि ते आकडे रस्त्यावरूनही वाचता यायचे. मोहनसिंगला आता पुकारावं लागत नव्हतं, त्यामुळं तो जरा उदास होता. गंगूताई चढली. लाल आकडे धावले आणि थांबले. एकशे एकोणीस.

व्यंकटरावांनी चष्मा पुसला. तिला उतरवलं, पुन्हा चढवलं. पुन्हा एकशे एकोणीस. काट्यामागं जाऊन शिक्का पाहिला. शिक्का नवा, तारीख बरोबर. मग त्यांनी बायकोकडं जे पाहिलं ते चोरवजन सापडलेल्या दुकानदाराकडं पाहायचे तसं पाहिलं.

"पाच किलो वाढलं," ते म्हणाले.

"असं कसं वाढंल?" गंगूताई म्हणाली. "अहो, मी दिवसाला चार चमचे भात खाऊन राहिले. पोलकी ढिली झाली माझी, दोन्ही बाजूंनी टाके घातले मी."

"पोलक्याला शिक्का असतो का?" व्यंकटरावांनी विचारलं.

शेजारी उभा असलेला मोहनसिंग काहीतरी बोलायला गेला आणि नुसताच मिशीवरून हात फिरवत राहिला.

त्या दिवसापासून घरात चौकी बसली. फराळाच्या डब्यांच्या कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली व्यंकटरावांच्या जानव्याला. दुपारी गंगूताई माजघरात आडवी झाली की ते पायांचा आवाज न करता येऊन तिच्या तोंडाचा वास घ्यायचे. एकदा वास घेता घेता तिनं डोळे उघडले, तर नवऱ्याचं नाक दोन बोटांवर. "काय झालं?" तिनं विचारलं. "माशी होती," ते म्हणाले. शेंगदाण्याचा कूट रात्रीच्यापेक्षा सकाळी कमी वाटला म्हणून त्यांनी त्यावर चमच्यानं रेघ ओढून ठेवली. आणि डब्यातलं तिनं खाऊ नये म्हणून ते स्वतः संपवायला लागले. चिवडा, चकल्या, अनुश्रीनं पाठवलेले रव्याचे लाडू, सगळं एका जागी बसून, कर्तव्य म्हणून.

वजन उतरत होतं, पण मुंगीच्या पावलानं. पुढच्या महिन्यात एकशे सतरा, त्याच्या पुढं एकशे सोळा, आणि मग पुन्हा एकशे सोळाच. फोनवर अपूर्व सांगायचा, "आई, डॉक्टर म्हणाले काहींचं हळूच उतरतं. तुझं वय, तुझं थायरॉईड. आणि हळू म्हणजे थांबलेलं नाही." ते तिला पटायचं. पटायचं, पण पुरायचं नाही. ज्या बाईनं जेवणात कधी हातचं राखलं नाही, ती आता वाटीभर वरणातलं अर्धं ठेवून उठत होती. पोळीचा वास आला की देवघरात जाऊन बसत होती. आणि एवढं करून काट्यावर मात्र पहिल्या दिवसाच्या एकशे चौदाला काही केल्या पोचत नव्हती. उपाशी राहायचं तिला एवढं दुःख नव्हतं. उपाशी राहून चोर ठरायचं होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला साधा भाजीचा हिशेबही खोटा सांगितला नव्हता, आणि तो तिचं तोंड हुंगत होता.

गल्लीची गोष्ट वेगळीच. गल्लीत कुणाकडंही बोलावलं की गंगूताई चार घास खाऊन पानावर हात आडवा धरायची. तो हात पहिल्यांदा पाहिला तेव्हा एका बाईच्या हातातून भाताचं भांडंच सुटलं होतं. मग बायकांनी अर्थ लावला. आपल्याकडं खात नाही आणि वजनही उतरत नाही, म्हणजे काय? म्हणजे घरी खाऊन येते. म्हणजे आपल्या हातचं तिला आवडेनासं झालंय. हळूहळू बोलावणी कमी झाली. आधी हळदीकुंकू, मग शुक्रवारची सवाष्ण. श्रावण तिला कोरडाच गेला. समोरच्या घरातून तळणीचा वास यायचा आणि बोलावणं यायचं नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. यशोदाबाईंकडं ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहायच्या त्या मोठ्या थाटात, सोळा भाज्या, फुलोरा, आंबील. पंचवीस वर्षं तिथं पहिलं पान गंगूताईचं. ते तोडायचं धाडस यशोदाबाईंनाही झालं नाही. मोहिनीच्या हाती निरोप आला, पण निरोपाला शेपूट होतं: "आई म्हणाली, भूक ठेवून या."

गंगूताई गेली. पाटावर बसता येत नव्हतंच, खुर्चीवर बसली. पुढ्यात स्टुलावर केळीचं पान, आणि पानाच्या चारी बाजूंनी बायकांचे डोळे. पुरणपोळी आली, वर तुपाची धार. गोडाला जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लहान पिशवीतून गोड भसकन खाली उतरतं आणि त्रास होतो. पण यशोदाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या होत्या. गंगूताईनं एक घास खाल्ला. कितीतरी महिन्यांनी पुरण जिभेवर आलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा खाल्ला. तिसरा यशोदाबाईंसाठी, चौथा देवीसाठी. पोळी संपली. बायका एकमेकींकडं बघून हसल्या, की बघा, खाता येतं.

आणि मग गंगूताईला दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, खुर्ची कुरकुरायला लागली. डोळे मिटून ती मागं रेलली आणि डोलायला लागली. कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलं.

"अगं बाई!" कुणीतरी ओरडलं. "अंगात आलं!"

क्षणात पंगत उठली. हे गंगूताईच्या कानावर येत होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. कुणी तिच्या केसांचा अंबाडा सोडला, कुणी मळवट भरला, कुणी ओटीत खण घातला.

"आई, कोण आलीस?" यशोदाबाईंनी हात जोडून विचारलं. "थोरली का धाकटी?"

"अंगाकडं बघा की," मागून आवाज आला. "थोरलीच असणार."

"पंखा," गंगूताई पुटपुटली. "पंखा लावा."

"देवी पंखा मागून राहिली!" पण लाईट सकाळपासून गेलेली. दोघीतिघींनी सुपं उचलली आणि दोन्ही बाजूंनी वारा घालायला लागल्या. सुपातला कोंडा गंगूताईच्या तोंडावर उडाला.

"आई, आमच्या मोहिनीचं कधी जमंल?"

"आता नको," गंगूताई कशीबशी म्हणाली. मोहिनी आंबीलीची वाटी तिच्या ओठाला लावू पाहत होती, ती तिला नको होती.

"ऐकलं का? आता नको म्हणती. दिवाळीनंतर बघू." यशोदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग त्या आणखी जवळ आल्या. खोलीतल्या सगळ्याजणी पुढं सरकल्या, कारण आता काय विचारणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. "आई, रागावू नको. एकच खरं सांग. ही गंगूताई घरी चोरून खाती का?"

धडधड तोवर जरा ओसरली होती. गंगूताईला आता डोळे उघडता आले असते. उठून पाणी मागता आलं असतं. पण प्रश्न तिनं नीट ऐकला आणि तिच्या पोटात, त्या शिवलेल्या लहानशा पिशवीच्याही खाली कुठंतरी, तीन महिन्यांचा राग उसळला. इतके दिवस ती हेच सांगत होती, बसून, उभी राहून, रडून. कुणी ऐकलं नव्हतं. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले.

"न्हाई!" ती अशी गरजली की फुलोऱ्यातल्या करंज्या हलल्या. "न्हाई खात! एक घास न्हाई खात! उपाशी राहती ती! तिला छळू नका!"

सगळ्या बायकांनी एकदम जमिनीला डोकं टेकलं.

घरी आल्यावर गंगूताईनं देवापुढं निरांजन लावलं आणि कान धरले. "तुझ्या नावावर बोलले, माफ कर," ती म्हणाली. "पण खोटं न्हाई बोलले, तुला माहीत आहे." देवीनं काही हरकत घेतल्याचं दिसलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून गल्ली पालटली. यशोदाबाई स्वतः मुगाचं पातळ वरण घेऊन आल्या आणि "चार चमचेच घ्या हो, जास्त नको," असं म्हणून समोर बसून राहिल्या. बोलावणी पुन्हा सुरू झाली. आता तिनं पानावर हात आडवा धरला की बायका त्या हाताला नमस्कार करायच्या.

राहिले व्यंकटराव.

"अख्खी गल्ली ऐकून आली," गंगूताई म्हणाली. "देवीनं सांगितलं, मी खात न्हाई."

"देवीकडं काटा होता का?" व्यंकटरावांनी विचारलं.

भाद्रपदाच्या शेवटच्या शनिवारी त्यांनी तिला मोंढ्यात नेलं. लाल आकडे थांबले एकशे पंधरावर. गंगूताईचा चेहरा फुलला. एक किलो तर एक किलो! पण व्यंकटराव आकड्यांकडं बघून मान हलवत होते.

"वैशाखात एकशे चौदा होतीस," ते म्हणाले. "आज भाद्रपद सरला. एकशे पंधरा. चार महिने उपाशी राहून माणूस एका किलोनं वाढतो, हे मला एकदा समजावून सांग. मी छत्तीस वर्षं वजनं बघितली. काटा खोटं बोलत न्हाई."

गंगूताई काट्यावर तशीच उभी राहिली. तिला आता रडूही येईना. हमाल इकडंतिकडं बघायला लागले. एवढ्यात मोहनसिंग पुढं आला. त्यानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं.

"साहेब, एक बात बोलतो. रागावू नका."

"बोल."

"काटा बराबर हाय साहेब. दोन्ही काटे बराबर. खोटं मीच बोललो." तो व्यंकटरावांकडं न बघता गंगूताईकडं बघत होता. "पहिल्या दिवशी तुमी आले, इथं एवढी माणसं. भाभीजी मान खाली घालून उभ्या. आता एवढ्या मोठ्या घरची बाई, आन मी काय मोंढाभर वजन पुकारू? माझी जीभ न्हाई चालली. एकशे एकवीस भरलं व्हतं. मी सात किलो कापले."

"कापले?" व्यंकटरावांच्या कानशिलावरची शीर उडाली. "कशाचे कापले?"

मोहनसिंगनं पागोटं हातात फिरवलं. तो इमानदार माणूस होता आणि त्याला मोंढ्याचीच भाषा येत होती. "कडता, साहेब," तो म्हणाला. "इज्जतीचा कडता."

कुणी हसलं नाही.  आयुष्यभर ज्या शब्दाशी व्यंकटराव भांडले, तो त्यांच्याच घरात येऊन चार महिने राहिला होता, आणि त्यांनी त्याला शिक्का मारून दिला होता. मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. एकशे एकवीस. एकोणीस. सतरा. सोळा. सोळा. पंधरा. एकदाही वर गेलं नव्हतं. हळू होतं, पण एकदाही वर गेलं नव्हतं.

"भाभीजी, माफ करा," मोहनसिंग म्हणाला. "तुमाला बरं वाटावं म्हणून केलं. तकलीफ झाली."

"तुमचं काही चुकलं न्हाई, भैया," गंगूताई म्हणाली. ती काट्यावरून सावकाश उतरली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "गल्लीनं देवीचं ऐकलं. तुमी मोहनसिंगचं ऐकलं. माझं कुणी ऐकलं का?"

व्यंकटरावांनी सदऱ्यात हात घातला, जानव्याची किल्ली सोडायला लागले. गाठ घामानं घट्ट बसली होती, सुटेना. सदऱ्याचं वरचं बटण तुटून पडलं, आणि तेव्हा गंगूताईचं लक्ष गेलं की सदरा पोटावर ताणलेला आहे.

"थांबा," ती म्हणाली. "किल्ली राहू द्या. चढा वर."

"मी? मी काहून?"

"काटा खोटं बोलत न्हाई म्हणता ना? चढा."

व्यंकटराव चढले. काडीपैलवान माणूस, साठीपर्यंत छप्पन किलोच्या वर कधी गेला नव्हता. लाल आकडे धावले. मोहनसिंगनं ते पाहिले, पटकन आकड्यांपुढं पागोटं धरलं आणि वाकून हळूच विचारलं, "साहेब, कडता लावू का?"

"नको," गंगूताई म्हणाली. "पागोटं काढा, भैया. बराबर सांगा. आन मोठ्यानं सांगा."

मोहनसिंगला कितीतरी दिवसांनी पुकारायला मिळत होतं. त्यानं छाती भरून घेतली. "अडुसष्टऽऽ!" मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला बैलं दचकली. आणि मग गंगूताई हसायला लागली, जुनं हसू, सगळी हलणारी. हमाल हसले, चहावाला हसला, माणिकराव गादीवरून उठून बाहेर आले. काट्यावर उभे असलेले व्यंकटराव आधी रागावले, मग तेही हसले. अनुश्रीचे लाडू होते ते. बारा किलो कर्तव्य.

किल्ली त्याच दिवशी कपाटाला अडकवून ठेवली गेली आणि तिथंच गंजली.

पुढच्या महिन्यातला वजनाचा शनिवार आला तेव्हा व्यंकटराव तिच्याबरोबर मोंढ्यापर्यंत आले, पण दुकानाशी थांबले नाहीत. समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. आकडे रस्त्यावरून वाचता येत होते, म्हणून त्यांनी चष्माही काढून खिशात ठेवला. गंगूताई एकटी काट्यावर चढली, एकटी उतरली, आणि चप्पल घालून त्यांच्यापाशी आली.

"काय भरलं?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच," ती म्हणाली. "तसूभर उतरलं न्हाई या महिन्यात."

तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मागं वळून त्यांनी काट्याकडं बघितलं नाही, आणि काय खाल्लं होतंस, असंही विचारलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात उतरंल." मग पिशवी तिच्या हातातून घेतली, आणि दोघं रिक्षा न करता हळूहळू घराकडं निघाली.